शेंदरीच्या गोधड्या

एकदा काय झालं, जमिनीच्या पोटात खोल खोल भुईबाई राहायची. तिथे दगड अजून दगड झाला नव्हता बरं का. पाकासारखा लालभडक रस होता नुसता. भुईबाईच्या तीन लेकी त्याच रसाच्या. थोरली ठिणगी, मधली सावळी आणि धाकटी शेंदरी.

तिघींना आभाळ बघायचं होतं. भुईबाई म्हणायची, "नका गं जाऊ. वर गारठा आहे. थिजलात तर मी काय करू?"

पण ऐकतात कसल्या! ठिणगी डोंगराचं तोंड फोडून निघाली, ती थेट समुद्रात पडली. चर्र झालं. अंगावर साखरेसारखा एक दाणा धरायलाही वेळ मिळाला नाही बिचारीला. तिची काळी काच झाली.

मग सावळी निघाली. रानभर पसरली, थरावर थर. वाऱ्यावर निवली आणि तिचा काळा कातळ झाला. दाणे धरले, पण इतके बारीक की डोळ्यांना दिसू नयेत.

मग भुईबाईने धसकाच घेतला. तिने शेंदरीला पोटाशी धरलं. वर माती-खडकांच्या गोधड्या घातल्या, एकावर एक. कुश्या, तू पांघरूण लाथाडू नकोस, ऐक. वर्षं गेली. हजार गेली, लाख गेली. मग शेंदरीच्या अंगावर एक दाणा चमकला. मग दुसरा. चांगले टपोरे, गुलाबी, पांढरे. भुईबाई हरखली. म्हणाली, "पोर अंगाने भरत चालली माझी!"

वेडी गं बाई. पाक सावकाश निवला की खडीसाखर मोठी धरते, तसंच होतं ते. एकेक दाणा धरला की लेक तेवढी थिजत होती. भुईबाईला ते कळलंच नाही.

"आई, झोप येते गं," शेंदरी म्हणाली.

"झोप हो राणी," म्हणत आईने आणखी एक गोधडी घातली.

मग एकदा तिने हाक मारली. ओ आली नाही. हात लावला, तर पोर गारढोण. फार रडली हो भुईबाई.

पुढे पावसापाण्याने गोधड्या झिजल्या. शेंदरी उघड्यावर आली. आभाळ मिळालं, पण बघायला ती जागी नव्हती.

म्हणतात, तिघी बहिणी आता ऊन खात सुखात आहेत. असतीलही. भुईबाई मात्र खाली अजून जागीच आहे.

कळलं का, तुम्ही झोपल्यावर आजी उठून कपाळाला हात लावून का बघते ते? झोपा आता. ऊन आहे तुमचं अंग.