कापलेला लगाम

एकदा एका वृद्ध वस्तादाने जत्रेला निघालेल्या गर्दीदेखत, भर रस्त्यात कमरेचा चाकू काढला आणि घोडीचा लगाम कापून टाकला. घोडी त्याची नव्हती, लगामही त्याचा नव्हता, आणि शर्यतीचा ढोल वाजायला फार अवकाश उरला नव्हता. पाहणाऱ्यांना वाटले, म्हाताऱ्याची बुद्धी फिरली. त्याने असे का केले, हे कळण्यासाठी आपल्याला थोडे मागे जायला हवे.

हा वस्ताद नावाजलेला चाबूकस्वार होता. घोडे शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता. गावाबाहेर चिंचेच्या बनाला लागून त्याची पागा होती आणि तिथे सर्व तऱ्हेची जनावरे येत. कुणी शर्यतीत पळणारे, कुणी ओझे वाहणारे, कुणी वरातीत मिरवणारे. वस्ताद त्यांच्यात भेद करीत नसे. पहाटे सर्वांना एकच नियम होता. पाठीवर ओझे नाही, कसली घाई नाही, नुसते नदीपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. याला तो फेर म्हणे. आभाळ कोसळले तरी त्याचा फेर चुकत नसे, आणि लोक त्याला त्यावरून हसत.

त्याचा एक शिष्य होता. चांगला तिशीला आलेला, मनाने निर्मळ, हाताने हलका. त्याच्या हातचा खरारा अंगावर फिरू लागला की खोडकर घोडेही डोळे मिटून उभे राहत. एकच खोड होती. त्याला कोणत्याही गोष्टीतले वाईट आधी दिसे. नाल ठोकताना खिळा आत गेला तर? पाणी पिताना जळू चिकटली तर? मन चिंती ते वैरी न चिंती असे म्हणतात, ते या गड्याकडे पाहूनच कुणाला सुचले असावे.

जत्रेतल्या शर्यतीला काही आठवडे उरले असताना गावातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने आपली घोडी पागेत आणली. रंग पारव्याच्या पंखासारखा करडा, म्हणून तिचे नाव पारवी. घोडीला खुंट्याला बांधून व्यापारी निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"वस्ताद, हिची आई ही झाली त्याच दिवशी गेली," तो म्हणाला. "मी हिला मांडीवर डोकं घेऊन गाईचं दूध पाजलंय. आमच्या घरातले मला हसायचे. ही पळाली तर माझी मान उंच होईल, पण नाही पळाली तरी चालेल. ही धड परत आली पाहिजे."

"येईल," वस्ताद म्हणाला.

व्यापारी शिष्याकडे वळला. "आणि तू रे. हिला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस."

व्यापाऱ्याच्या मनात तसे काही विखारी नव्हते. आपण लेकराला शाळेत सोडताना मास्तरांना काहीबाही बोलून येतो, तसलेच ते बोलणे. पण काही वाक्ये ऐकणाऱ्याच्या मनात घर करतात, आणि हे वाक्य शिष्याच्या मनात तळ ठोकून बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वस्तादाची बहीण आजारी पडल्याचा निरोप आला आणि त्याला तिच्या गावी जावे लागले. जाताना तो शिष्याला म्हणाला, "पारवीला रोज फेर दे. एखाद्या दिवशी नाहीच जमला, तर त्या दिवशी चंदी निम्मी कर." चंदी म्हणजे घोड्याचे भिजवलेले हरभरे. "बाकी तुला सगळं येतं. काळजी करू नकोस." काळजी करणाऱ्याला काळजी करू नकोस म्हणणे हे पावसाला पडू नकोस म्हणण्यासारखे आहे, हे त्या शहाण्या माणसालाही त्या घाईत सुचले नाही.

पहिल्या सकाळी शिष्याने पारवीला फाटकापर्यंत नेले. समोरून एक कुत्रे भुंकत आले, घोडीने कान टवकारले, आणि शिष्याने तिला तिथूनच परत फिरवले. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानावर आले की कुंभाराच्या घोड्याचा पाय घुशीच्या बिळात गेला आणि मोडला. मग त्याला नदीची वाट सगळी बिळांनी भरलेली दिसू लागली. पुढे कधी धुके, कधी निसरडे, कधी नुसतीच छातीतली धडधड. पारवी खुंट्यालाच राहिली. ती पाय आपटी, फाटकाकडे पाहून खिंकाळे, आणि शिष्य तिच्या मानेवर हात फिरवीत म्हणे, "थांब गं बाई, आज नको."

फेर नाही म्हणून त्याला तिची दया येई. दया आली की तो चंदी कमी करण्याऐवजी ओंजळभर वाढवी, वर गुळाचा खडा आणि तुपाचा गोळा. निम्म्या चंदीची गोष्ट त्याला आठवत नव्हती असे नाही. पण बांधून ठेवायचे आणि वर उपाशीही ठेवायचे, हे त्याच्या जिवाला सोसेना.

पागेत दगडू नावाचे एक म्हातारे तट्टू होते. ते रोज गवताचे भारे आणायला नदीकाठी जाई, त्याच बिळांच्या वाटेने. दगडूची कुणाला काळजी नव्हती, म्हणून दगडू ठणठणीत होता.

मध्यंतरी व्यापारी येऊन गेला. घोडीची पाठ आरशासारखी चमकत होती. "वा! जीव लावलास रे हिला," तो म्हणाला. "आता काय, घोडामैदान जवळच आहे." शिष्य नुसता हसला. आपले काहीतरी चुकते आहे हे त्याला कळत होते. काय ते पाहायचे धैर्य होत नव्हते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला वस्ताद परतला. थकला होता. त्याने पारवीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "फेर झाला ना रोज?"

"हो, वस्ताद."

उजेड असता तर तिची न झिजलेली नाल पाहून म्हाताऱ्याला सारे उमगले असते. पण उजेड नव्हता आणि शिष्यावर अविश्वास दाखवण्याचे कारणही नव्हते. तो जाऊन निजला. शिष्याला झोप आली नाही, हे सांगायला नको.

सकाळी शिष्य पारवीवर बसून शर्यतीच्या माळाकडे निघाला. मागून दगडूवर वस्ताद, त्याच्यामागे बैलगाडीत व्यापारी. रस्ता जत्रेच्या माणसांनी फुललेला. पारवी इतक्या दिवसांनी मोकळी झाली होती. ती नाचतच निघाली. शिष्याने तिला दुडक्या चालीवर घेतले आणि क्षणभर त्याला वाटले, सुटलो. एवढ्यात तिचे पाऊल आखडले. मग आणखी आखडले. मागचे पाय लाकडासारखे झाले, अंगावर घामाचे लोट आले, आणि ती रस्त्याच्या मधोमध थरथरत उभी राहिली.

शिष्य खाली उतरला. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला.

"पोटशूळ! पोटशूळ आहे हा!" गर्दीतून कुणीतरी ओरडले. "चालवा तिला! थांबली की मेलीच समजा!"

यात खोटे काही नव्हते. घोड्याचे पोट दुखू लागले की त्याला उभे राहू देऊ नये, चालवीत राहावे, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. व्यापारी गाडीतून उडी टाकून धावत आला. "ओढ! अरे, बघतोस काय, ओढ तिला!" शिष्याने लगाम दोन्ही हातांनी धरला आणि ओढू लागला. पारवीने एक पाऊल टाकले आणि अशी कण्हली की शेजारच्या गाडीचे बैलसुद्धा बिचकले.

वस्ताद दगडूवरून उतरून आला. त्याने पारवीच्या पोटाला कान लावला. मग दगडासारख्या घट्ट झालेल्या मागच्या मांडीवर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"पोटशूळ असेल तर चालवून वाचेल," तो शिष्याच्या जवळ येऊन म्हणाला. "आणि मला जे वाटतंय ते असेल, तर दहा पावलांत मरेल. दोन्ही दुखणी अशीच सुरू होतात. आता तूच सांग. हिला रोज फिरवलं होतंस का?"

शिष्याने व्यापाऱ्याकडे पाहिले. ते वाक्य त्याच्या कानात वाजू लागले. तोंड दाखवू नकोस. लोक ओरडत होते, चालवा, चालवा. हो म्हटले की सारे निभावणार होते. घोडी गेली तरी पोटशूळाने गेली, असेच जग म्हणणार होते. त्याने पारवीकडे पाहिले. तिचे डोळे त्याच्यावरच लागले होते.

"नाही," तो म्हणाला. "एकही दिवस नाही. आणि चंदी पुरी दिली. जास्तच दिली."

तेव्हा वस्तादाने चाकू काढला आणि लगामाच्या दोन्ही वाद्या घोडीच्या तोंडाजवळून कापल्या. ओढणारा शिष्य तुटक्या वाद्यांसकट मागे धडपडला. वस्तादाने आपली घोंगडी पारवीच्या कमरेवर टाकली, दगडूला तिच्या अंगाला अंग लावून उभे केले आणि स्वतः तिच्यापुढे धुळीत मांडी घालून बसला.

"कुणी हिला हलवायचं नाही," तो म्हणाला. "पाणी आणा."

मागे गाड्यांची रांग लागली. कुणी शिव्या घातल्या, कुणी शेतातून गाडी काढली, कुणी जाता जाता म्हणाले, "शेठजी, तुमचं वरातीमागून घोडं!" व्यापाऱ्याने ते ऐकलेही नाही. तो आधी वस्तादावर संतापला, मग त्याने शिष्यावर तोंडसुख घेतले, आणि शेवटी शब्द संपले तेव्हा पारवीच्या तोंडाशी बादली धरून उभा राहिला. ती मुतली, ते काढ्यासारखे काळपट होते. ते पाहून शिष्य रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला. दूर माळावर ढोल वाजला, आरोळी उठली आणि विरून गेली. शर्यत झाली. कुणी जिंकले हे विचारायला तिघांतला एकही उठला नाही.

ऊन चढले आणि उतरले. घोडीचा घाम सुकला. तिने डोके दगडूच्या मानेवर टेकले होते, ते उचलले. पुन्हा मुतली, या वेळी रंग निवळला होता. मग, कुणी काही न करता, तिने मागचा एक पाय उचलून जरा पुढे ठेवला. व्यापारी लहान मुलासारखा रडू लागला.

तेव्हा कुठे शिष्याला बोलायचे बळ आले. "वस्ताद, लगाम का कापलात? सोड म्हणाला असतात, तर मी सोडला असता."

"नसता सोडलास," वस्ताद म्हणाला. "भ्यालेल्या माणसाची मूठ त्याची त्याला उघडत नाही. आणि तू सोडला असतास तर शेठजींनी धरला असता. इथं प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. हातात वादी होती तोवर कुणालाच थांबता आलं नसतं."

त्याने पारवीच्या कमरेवरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाला, "घोडा शर्यतीत पळतो ते आपल्या हौसेसाठी. ओझं ओढतो ते आपल्या पोटासाठी. पहाटेचा फेर तेवढा त्याचा स्वतःचा. त्यात कुणी जिंकत नाही, कुणाचं ओझं पोचत नाही. म्हणून काही टाळायची वेळ आली की माणूस पहिला तोच टाळतो. पण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं असतं. पळणाऱ्या अंगाला भरपूर खायला घालून बांधून ठेवलं, की पहिल्याच दौडीत तेच अन्न अंगावर उलटतं, मांस आखडतं, आणि तेव्हा ओढलं तर जनावर जातं. तुला वाटलं, तू हिला आराम दिलास. आराम तू स्वतःच्या जिवाला दिलास, गड्या. ही खुंट्याला दिसली की तुझी धडधड थांबायची."

शिष्याने मान खाली घातली. "मी खोटंही बोललो."

"बोललास. आणि खरंही बोललास, जेव्हा खरं बोलणं सगळ्यात जड होतं. म्हणून ती उभी आहे."

व्यापारी डोळे पुसून पुढे आला. शिष्याला वाटले, आता ते वाक्य येणार. पण व्यापारी म्हणाला, "मीच तुला घाबरवून गेलो होतो." आणि उशिरा, घोडी पावलापावलाने पागेत पोचल्यावर, तिला तिथेच ठेवून तो घरी गेला.

पारवी बरी व्हायला बरेच दिवस लागले. चंदी बंद, नुसते गवत आणि पाणी. मग एका पहाटे वस्तादाने शिष्यापुढे तो लगाम टाकला. शिष्याने वाद्या स्वतः शिवल्या होत्या. सांध्याची गाठ बोटांना लागत होती. फाटक उघडले तर समोर तीच वाट होती, तीच बिळे, आणि दूर कुठेतरी तेच कुत्रे भुंकत होते.

"भीती गेली का?" वस्तादाने विचारले.

"नाही, वस्ताद. आहे तेवढीच आहे."

"मग?"

शिष्याने लगाम सैल धरला आणि पारवीला वाटेवर घातले. "माझी मी घेऊन चाललोय," तो म्हणाला. "हिच्या गळ्यात नाही बांधली."

वस्तादाने फाटक लावले नाही. ती दोघे परत येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला, कारण भीती थोडी त्यालाही वाटत होती.