तबीताबाईची खोली

खडकवाणच्या टेकडीवर एक दगडी खोली आहे. एक दार, एक खिडकी, वर पत्रे. दाराला कडी आहे, पण कुलूप कधी लागत नाही. चर्चमध्ये कापणीचा सण झाला की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गावातल्या प्रत्येक घरातलं एक माणूस भाकरी बांधून घेतं आणि या खोलीकडे चढतं. वर प्रार्थना होत नाही, भजन होत नाही. कुणी गाऱ्हाणं सांगायचं नाही आणि काही मागायचं नाही, एवढाच नियम. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, मग जाता कशाला? अशांना गावकरी उजागरे गुरुजींकडे पाठवतात. गुरुजी त्यांना खोलीच्या सावलीत बसवतात आणि सावकाश सांगू लागतात.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली, असं सांगतात, गावातली माणसं रोज मूठमाती देऊन थकली होती. तबीताबाईचा नवरा आधी गेला. मग दोन्ही मुलं एकाच दिवशी तापानं पडली. थोरला बरळत होता, म्हणून ती थोरल्यापाशी बसली. धाकटा शांत पडून होता. तिला वाटलं, त्याला उतार पडतोय. ती त्याच्याकडे वळली तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं. चार दिवसांनी थोरलाही गेला. पाळकांनी सांत्वन केलं, बायकांनी जवळ घेतलं. पण तिच्या मनात एकच रुतून बसलं. धाकटा हाताच्या अंतरावर एकटा गेला आणि मला कळलंसुद्धा नाही.

घरात तिला राहवेना. सासऱ्यानं राखणीसाठी बांधलेली टेकडीवरची खोली रिकामी पडली होती. चार शेळ्या घेऊन ती तिथं राहायला गेली. दीर याकोब सुरुवातीला येऊन जायचा, धान्य ठेवायचा. पुढं त्याचंही येणं कमी झालं. वर वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. आठ-आठ दिवस ती कुणाशी बोलायची नाही, आणि बोलायला तोंड उघडलं की स्वतःचाच आवाज तिला परका वाटायचा.

दुसऱ्या वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि खोलीमागची दरड खचली. सकाळी तबीताबाई पाला तोडायला गेली, तर मातीत तांब्याचा हंडा उघडा पडलेला. आत सोनं. कुणाचं, कधीचं, देव जाणे. ती त्याच्याशेजारी बसून राहिली. सोन्याची हाव तिला नव्हती, पण माणसांची होती. एवढ्यावर गावात मोठं घर होईल, दारात चार माणसं येतील, कुणी वहिनी म्हणेल, कुणी काकू म्हणेल, चूल दिवसभर विझायची नाही. हे सगळं तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

भर दुपारी वारा पडला. शेळ्यांनी चरणं थांबवलं आणि सगळ्यांनी एकाच बाजूला माना वळवल्या. तिकडं कुणीच नव्हतं. मग तिला स्पष्ट ऐकू आलं म्हणे, "तबीता, तुला काय हवं?"

शास्त्रातल्या त्या राजाची गोष्ट तिनं चर्चमध्ये ऐकलेली होती. देवानं विचारलं तेव्हा त्यानं धन मागितलं नव्हतं, शहाणपण मागितलं होतं. पण राजाजवळ धन होतंच, हिच्याजवळ काय होतं? ती उठून उभी राहिली. मग हंड्याकडे पाठ करून म्हणाली, "देवा, मला समज दे. समोरच्या माणसाला आतून काय होतंय, ते मला कळू दे. एकदा कळलं नाही, तेवढं बास झालं."

पुन्हा आवाज आला नाही. वारा सुटला, शेळ्या चरू लागल्या.

तो हंडा तिनं पाळकांच्या हवाली केला. साथीत आईबाप गेलेली लेकरं त्यावर वाढली. याकोब संतापून वर आला. "वहिनी, आमचा नाही तर नाही, निदान स्वतःचा तरी विचार करायचा होता."

"भाऊजी, तुम्हाला सोन्याचं दुःख नाही," ती म्हणाली. "मी आधी तुम्हाला सांगितलं नाही, याचं आहे."

याकोब चपापला. ते खरं होतं. पण खरं इतकं उघडं ऐकून घेणं त्याला जड गेलं. तो पुन्हा टेकडी चढला नाही.

पुढं हन्नोक आणि शांतवन या दोघा भावांचं बांधावरून पेटलं. पंचांनी तीनदा बांध मोजला, तरी कुऱ्हाडी निघायच्या थांबेनात. शेवटी कुणीतरी त्यांना तबीताबाईकडे नेलं. तिनं बांधाचं काही विचारलंच नाही. थोरल्या हन्नोकला म्हणाली, "तुझी आई गेली तेव्हा तू कुठं होतास?"

"नगरला. कामावर," तो म्हणाला. "यानं निरोप धाडला नाही. मला माती द्यायलासुद्धा मिळालं नाही."

"मीच भानावर नव्हतो रे, दादा," शांतवन म्हणाला.

दोघे एकमेकांना धरून टेकडी उतरले. मागं वळून, बाई, तू जेवलीस का, असं कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून रीघ लागली. रुसलेल्या सुना आल्या, वाटण्या आल्या, मोडलेल्या सोयरिकी आल्या. लोक मोकळे होऊन परत जायचे. पण लग्नाचं, बारशाचं आमंत्रण घेऊन वर कुणी आलं नाही. ही बघेल आणि मनातलं ओळखेल, अशी धास्ती. खाली वाजंत्री वाजायची, तेव्हा ती दारात उभी राहून ऐकायची. लोक का बोलावत नाहीत, तेही तिला समजत होतं. म्हणून रागावताही यायचं नाही.

अशी तीस वर्षं गेली. याकोबही गेला. कापणीच्या सणानंतरच्या सोमवारी त्याची बायको सुवार्ता धापा टाकत वर आली.

"बस. काय झालं?" तबीताबाईनं विचारलं.

"काही नाही, आक्का."

"पोरांचं काही?"

"पोरं बरी आहेत."

"मग शेताचं?"

"अहो, कशाचंच नाही. तुमच्याबरोबर भाकरी खावी म्हटलं, म्हणून आले."

तबीताबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. साऱ्या गावाचं मन वाचणाऱ्या त्या बाईला, म्हणे, एवढंच कळेना. ती ताटली काढायला उठली. घरात ताटली एकच होती. मग ताटली हातात धरून ती लहान मुलासारखी रडली. दोघी जावा त्या एकाच ताटलीत जेवल्या.

त्याच थंडीत तबीताबाई गेली. मूठमाती दिल्यावर सुवार्तानं ही गोष्ट चर्चमध्ये सगळ्यांना सांगितली. आपण टेकडी किती वेळा चढलो आणि कशासाठी, हे प्रत्येकाला आठवलं. बाकांवरून कुणाला लवकर उठवेना.

आजही त्या सोमवारी गाव आधी टेकडीकडे वळत नाही. ज्या घरात एकटंच माणूस राहतं, त्या दारात सगळे जमतात, त्याला बरोबर घेतात आणि मग चढायला लागतात. गेल्या वर्षी गाव उजागरे गुरुजींच्या दारातून निघालं. गुरुजी हे पाहुण्यांना सांगत नाहीत. ते गावातली माणसं सांगतात.