केरबाचा गुरू आणि तेरा महिने

खडकेवाडीत केरबा नावाचा एक भोळा गडी होता. 'बस' म्हटलं की बसे, आणि 'ऊठ' म्हणेपर्यंत उठत नसे. वय बत्तीस, लग्न नाही. त्याची आई हौसाक्का स्थळं शोधून दमली, आणि केरबानं जत्रेतून काय आणावं? दुर्बीण.

ग्रह कधी बघायचे, हे विचारायला तो पाटणे मास्तरांकडे गेला.

"सध्या गुरू बघ," मास्तर म्हणाले. "पण उगवल्या उगवल्या नको, खाली असला की थरथरतो. चांगला वर येऊ दे. आणि दुर्बीण बाहेर काढलीस की अर्धा तास गार होऊ दे."

केरबानं सगळं पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात शालनला बघायचा कार्यक्रम होता. शालन चहा घेऊन आली. हात थरथरत होते. केरबानं डोळे गच्च मिटले.

"पाव्हणं, बघा की पोरीकडं," शालनचे वडील म्हणाले.

"आत्ताच उगवलीय. थरथरतीय. वर येऊ द्या."

मुलाकडची अट म्हटल्यावर काय! शालनला स्टुलावर उभं केलं. मुलाकडच्यांसाठी लोकांनी याहून येडं पुष्कळ केलेलं आहे.

"आता चहा तरी घ्या."

"अर्धा तास अंगणात ठेवा."

चहावर साय धरली. कावळ्यानं ती खाल्ली.

घरी हौसाक्का कडाडली, "मुडद्या, पोरगी बघायला गेलं की नाव विचारावं, शिक्षण विचारावं, सैपाक येतो का विचारावं!"

"बरं," केरबा म्हणाला. दिवेलागणीला गुरू उगवला, चांगला वर आला. केरबानं दुर्बिणीला डोळा लावला. "नाव काय? शाळा किती? भाकरी येती का?"

गुरू गप्प. केरबा मास्तरांकडे पळाला. "मास्तर, त्याला मी पसंत नाही. तोंडच उघडंना."

मास्तरांनी कपाळ बडवलं. "अरे, गप बघायचं! शेजारी बारके चंद्र दिसतात चार, ते मोजायचे, वहीत लिहायचं. आणि हुकला तर घाई नाही. तेरा महिन्यांनी असाच पुन्हा जवळ येतो."

सकाळी दारात शालनचे वडील हजर. "पोरगी म्हणती, भोळा आहे, पण मारकुटा दिसत नाही. चालंल. तुम्ही हो म्हणा, बुंदी पाडतो."

हौसाक्कानं घाईनं साखर काढली. केरबा गप बघत राहिला.

"अवो, बोला की!"

"घाई नाही," केरबा म्हणाला. "आज हुकली तर तेरा महिन्यांनी पुन्हा जवळ येईल. तेव्हा बघतो."

पाव्हण्यांनी टोपी उचलली. हौसाक्कानं साखर परत डब्यात ओतली.

बरोब्बर तेरा महिन्यांनी केरबा खांद्यावर दुर्बीण टाकून शालनच्या गावी गेला. ती माहेरीच होती. तिच्या दारासमोर त्यानं दुर्बीण अर्धा तास गार केली, डोळा लावला, वहीत लिहिलं आणि नाचत घरी आला.

"आई, मास्तर खरं बोलले! शालन तिथंच दिसली. पहिल्यापेक्षा तेजस्वी!"

हौसाक्कानं ती वही पाटणे मास्तरांकडून वाचून घेतली. आत लिहिलं होतं :

'शालन. बाळंतपणाला माहेरी. मांडीवर चंद्र एक. उरलेले तीन उगवले की लग्नाचं विचारावं.'