जाकीट न घातलेला कोल्हा

शके एकोणीसशे चौतीस. त्या साली भाद्रपद दोनदा आला. ही गोष्ट दुसऱ्या भाद्रपदातली आहे. पाऊस उघडला होता आणि गवत हरणाच्या पोटाला लागत होते. माळाच्या कडेला एक जंगल होते, आणि त्या जंगलात एक साळुंकी राहत असे.

मुलांनो, ही साळुंकी साधी नव्हती. तिने दोन वर्षे गावच्या शाळेच्या कौलांखाली काढली होती. खाली मुले फळ्यावर बोट ठेवून मोठमोठ्याने धडे म्हणत, वर ही ऐके आणि बघे. ऐकून बघून तिला अक्षरे ओळखता येऊ लागली. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो तिच्या चालण्यातही दिसे.

एकदा शाळेची सहल जंगलात आली आणि जाताना एक चित्रांचे पुस्तक बाभळीखालच्या सपाट खडकावर विसरून गेली. जाड पुठ्ठ्याची पाने, दर पानावर एक प्राणी, खाली त्याचे नाव. साळुंकीने पुस्तक पाहिले आणि त्याच दिवशी शाळा उघडली.

विद्यार्थी आपणहून आले. खारीची दोन पिल्ले आली, लांडोरीचे एक आले, आणि सशाचे एक आले. सशाचे पिल्लू सगळ्यांत हुशार. साळुंकी चोचीने पान उलटी आणि विचारी, "कोल्हा कसा ओळखायचा?"

"लाल जाकीट, काखेत छत्री!" सगळे एका सुरात ओरडत.

चित्रात तसेच होते. कोल्हा दोन पायांवर उभा होता, अंगात लाल जाकीट, काखेत छत्री. खाली लिहिले होते, 'कोल्हा लबाड असतो.'

जवळच माळावर एका टिटवीचे घर होते. घर म्हणजे काय, चार खडे आणि त्यांत उशिराची चार पिल्ले. तिने हे ऐकले आणि ती तुरूतुरू चालत खडकापाशी आली.

"साळुंकीबाई, एक विचारू? हा जाकिटाचा कोल्हा कुठल्या गावचा?"

"पुस्तकातला आहे," साळुंकी म्हणाली.

"आमच्या माळावरचा चार पायांवर चालतो. कपडे घालत नाही."

"तू शाळेत गेली होतीस का कधी?"

"शाळेत नाही गेले. पण कोल्ह्याच्या तावडीतून चार उन्हाळे जिवंत राहिलेय."

खारीची पिल्ले खुदकन हसली. साळुंकीला राग आला. "पुस्तक छापणारे काय वेडे असतात? जा बाई, तुझी पिल्लं सांभाळ. इथं शिकणाऱ्यांचं काम आहे."

 टिटवी आली तशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी साळुंकीने गृहपाठ दिला. प्रत्येकाने एक प्राणी स्वतः ओळखून यायचे आणि त्याचे नाव बाईंना सांगायचे. खारी झाडावर पळाल्या. लांडोरीचे पिल्लू आईलाच ओळखून आले आणि बोलणी खाऊन बसले. सशाचे पिल्लू मात्र माळाच्या कडेपर्यंत गेले. त्याला पहिला नंबर हवा होता.

तेवढ्यात गवत हलले आणि समोर कोल्हा उभा राहिला.

आजवर कोल्ह्याला पाहून ससा पळाला नाही असे कधी झाले नव्हते. हा पळाला नाही. उलट मान तिरपी करून म्हणाला, "नमस्कार. आपण कोण?"

कोल्हा गोंधळला. "तुला काय वाटतं?"

"तोंडावरून कोल्हा वाटत होतात. पण अंगात जाकीट नाही."

कोल्हाच तो. अर्ध्या क्षणात सावरला. "वा! काय हुशार पोर आहे! जाकीट नाही, म्हणजे मी कोल्हा नाही."

"छत्री?"

"छत्रीही नाही. बघ की नीट. अजून जवळ ये."

पिल्लू दोन पावले पुढे गेले. "मग आपलं नाव काय? बाईंना सांगायचंय."

"नाव जरा मोठं आहे," कोल्हा जिभल्या चाटत म्हणाला. "कानात सांगतो."

बाभळीवरून साळुंकी हे बघत होती. आपला विद्यार्थी किती रीतीने बोलतो आहे, या कौतुकात ती आधी होती. मग तिला शंका आली. हा कोण प्राणी? तोंड कोल्ह्याचे, शेपूट कोल्ह्याचे, पण जाकीट? कौलांखाली राहिलेल्या साळुंकीने खरा कोल्हा कधी पाहिलाच नव्हता. आणि त्या वेळी तिने काय करावे? ती खडकावर उतरली आणि चोचीने भराभर पाने उलटू लागली. हत्ती, उंट, देवमासा, माकड... कोल्ह्याचे पान काही सापडेना. तिकडे पिल्लाने एक कान पुढे केला होता.

"टिटीव! टिटीव!"

सगळा माळ दणाणला. टिटवी आपली चार पिल्ले खड्यांत निजवून तीरासारखी आली आणि कोल्ह्याच्या नाकासमोर जमिनीवर पडली. तिचा एक पंख लोंबत होता. ती लंगडत, फरफटत, ओरडत ओढ्याच्या बाजूला सरकू लागली.

कोल्ह्याने पंख पाहिला. मोडक्या पंखाचा पक्षी आयता मिळतो, हे त्याला ठाऊक होते. ससा काय, पळेल. तो टिटवीमागे वळला. ती दोन हात पुढे, तो दोन हात मागे. ओढ्याचा काठ आला. कोल्ह्याने उडी घेतली, टिटवीने दोन्ही पंख पसरले आणि ती वर गेली. कोल्हा मात्र खाली, थेट चिखलात गेला.

"आता तुम्हाला जाकीट आलं बरं का, कोल्होबा!" टिटवी वरून म्हणाली. "काळं आहे, पण अंगाला बरोबर बसलंय."

खारी पोट धरून हसल्या. कोल्हा चिखल झाडत, कोणाकडे न बघता निघून गेला.

साळुंकी हसली नाही. सशाचे पिल्लू पळत तिच्याजवळ आले होते आणि म्हणत होते, "बाई, मी बरोबर विचारलं होतं ना?"

"तू बरोबर विचारलंस," साळुंकी म्हणाली. "मी चूक शिकवलं."

ती पुस्तक ढकलत ओढ्याकडे नेऊ लागली. टिटवी आडवी आली.

"हे काय चाललंय?"

"बुडवते. याच्यापायी पोराचा जीव जात होता. तू आपली पिल्लं उघड्यावर टाकून आलीस. तुझे हे उपकार कसे फेडू, टिटवीताई?"

"पुस्तक बुडवून माझे उपकार फिटतात होय?" टिटवी चिडली. "त्यानं काय केलं? तू डोळे झाकून वाचलंस. आण ते मागे."

"पण यात सगळं..."

"सगळं खोटं नाही. कोल्हा मी शिकवते. त्याचा माग, त्याचा वास, गवत कसं हलतं ते सगळं. पण ते मोठ्या माशाचं पान आहे ना तुझ्याकडे? आमच्या ओढ्यात खेकड्यापलीकडे काही नाही. माझ्या पोरांना मी देवमासा कुठून दाखवू? तो तू दाखव. म्हणजे फिटलं."

दुसऱ्या दिवशी शाळा सकाळी माळावर भरली. टिटवीने ओल्या मातीतला कोल्ह्याचा पंजा दाखवला. प्रत्येकाला तो हुंगायला लावला. जो नाक मुरडेल त्याला दोनदा. उन्हे चढल्यावर शाळा बाभळीखाली आली. टिटवीची चार पिल्ले अगदी पुढे बसली. साळुंकीने देवमाशाचे पान उघडले.

"बाई, हा खरा केवढा असतो?" सगळ्यांत लहान पिल्लाने विचारले.

साळुंकीने चित्राखालची ओळ पुन्हा वाचली. कालपरवाची साळुंकी असती तर ठोकून दिले असते.

"खूप मोठा, असं इथं लिहिलंय," ती म्हणाली. "मी पाहिलेला नाही."

चारही पिल्लांनी माना लांब केल्या आणि तो निळा मासा डोळे भरून पाहिला. टिटवीचे उपकार फिटले.

तात्पर्य : मुलांना चित्रांचे पुस्तक जरूर दाखवावे, मात्र जे आपल्या रानात आहे, ते रानात नेऊनच दाखवावे.