ऐकून घेण्याचे पैसे

एकदा एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ आपल्या वृद्ध गुरूंकडे पेढे घेऊन गेला. पदवी मिळून त्याला वर्षही झाले नव्हते. त्याच्या रुग्णालयात पगार कामाच्या मोजणीवर ठरे: जितके रुग्ण, जितक्या अँजिओप्लास्टी, तितकी रक्कम. या तिमाहीत त्याचा आकडा सर्वांत वर होता.

गुरूंनी ऐकले. पेढ्याला हात न लावता ते उठले आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

ते त्याला एका बसकंडक्टरच्या घरी घेऊन गेले. भिंतीवरच्या फोटोला हार होता. हा कंडक्टर गुरूंचा जुना रुग्ण. गुरू निवृत्त झाल्यावर तो या तरुणाकडे जात असे. त्याच्या पत्नीने, शेवंताबाईंनी, हात जोडले. "डॉक्टरसाहेब, तुम्हीपण आलात!" तरुणाला ना फोटोतला चेहरा आठवला, ना त्या बाई.

गुरू तासभर बसले. मधूनमधून फक्त "मग?" एवढेच विचारत राहिले.

"अंगातलं पाणी उतरायची गोळी घेतली की त्यांना सारखं लघवीला लागायचं," शेवंताबाई म्हणाल्या. "भरली गाडी सोडून कुठं उतरणार? बंदच केली त्यांनी. तपासणीला गेले तेव्हा या साहेबांना सांगायचं होतं, पण तोंड उघडेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली. त्यानंतर आठव्या दिवशी धाप लागली, ती थांबलीच नाही."

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. तरुणाला मान वर करवेना.

रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "सर, माझी चूक दाखवायला आणलंत ना?"

"चूक तुझ्या एकट्याची असती, तर घरीच रागावलो असतो," गुरू म्हणाले. "'गोळी ड्युटीवरून आल्यावर घ्या', एवढंच त्याला सांगायचं होतं. पण त्यासाठी त्याचं बोलणं संपू द्यायला हवं होतं. हाताच्या कामाचे तुला पैसे मिळतात, ऐकून घेण्याचे मिळत नाहीत. जे मोजलं जात नाही, ते माणूस हळूहळू सोडून देतो. आणि सोडलं हे त्याला कळतही नाही. तू वाईट डॉक्टर नाहीस रे. म्हणून तर भीती वाटते."

पुढच्या तिमाहीत त्याचा आकडा सर्वांत खाली होता. व्यवस्थापकांनी बोलावून कारण विचारले. रुग्णालयाशी त्याचा करार पुढे चालेल की नाही, हे ते बोलले नाहीत. त्यानेही विचारले नाही.

त्याच्या तपासणीच्या खोलीबाहेर एक वयस्कर गृहस्थ ताटकळत होते. त्याने त्यांना आत घेतले, आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत कागदावर एक अक्षरही लिहिले नाही.