नावासोबत पुसलेली ओळ

लहानपणी पहाटे वडील पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवत, तेव्हा होणारी करकर वैजयंताच्या कानातून कधी गेलीच नाही. मोठेपणी तिने गावचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारा प्रोग्राम लिहिला आणि तो सगळ्यांना फुकट दिला. अट एकच होती, प्रोग्रामच्या माथ्यावरची तिच्या नावाची सूचना कुणी काढायची नाही.

पाणीपुरवठ्याचे कंत्राटदार भुजंगरावांनी नेमकी तीच काढली, तिथे स्वतःचं नाव घातलं आणि नगरपरिषदेच्या सभेत सत्कार करून घेतला. वैजयंताने उभं राहून जाब विचारला.

"फुकटच्या वस्तूला कसला आलाय मालक, ताई?" भुजंगराव हसले.

"बरं, तुम्हीच मालक," ती हसू दाबत म्हणाली. "पण त्याच सूचनेत पुढे लिहिलं होतं, की प्रोग्राम बिघडला तर लिहिणाऱ्याला जबाबदार धरू नये. तेही तुम्ही पुसलंत. आता नळ कोरडे राहिले, की बायका हंडे घेऊन तुमच्याच बंगल्यावर येणार."

"रांग फाटकाच्या आत लावायची का बाहेर, भाऊ?" मागून एका आजींनी विचारलं, आणि सगळी सभा खदखदून हसली.

भुजंगरावांनी टेबलावरचा लॅपटॉप ओढला, वैजयंताची सूचना होती तशी परत घातली आणि ते निघून गेले.