कोंडलेल्या आवाजांचा हंडा

एका राज्यात घोडे खिंकाळत नव्हते आणि कुत्री भुंकत नव्हती. सकाळी कोंबडा आरवे, मग पुन्हा सारं चिडीचूप. परमुलखाचा पाहुणा वेशीतून आत आला की म्हणे, "काय शांत राज्य आहे!" मग तो पागेजवळून जाई, आणि सालस दिसणारा एखादा घोडा त्याला अशी लाथ घाली की पाहुणा पाठ चोळत आल्या वाटेने परत फिरे.

पहिल्यापासून असं नव्हतं. तिथला राजा दृढवर्मा शिस्तीचा भारी भोक्ता. त्याने राज्यात कंठबंदीची चाल पाडली होती. शिंगराला पहिल्यांदा दावं लावायचं, त्या दिवशी त्याला राजवाड्यापुढच्या दगडी खांबाशी उभं करत. घोडे शिकवणारा चाबुकस्वार शेजारी उभा राही. शिंगरू खिंकाळलं की चाबूक, गप्प राहिलं की गूळ. कुत्र्याच्या पिल्लालाही तोच न्याय, गुरगुरलं की छडी. जनावर गप्प झालं म्हणजे शिकलं, असं राजाचं मत होतं, आणि राजाचं मत तेच प्रजेचं मत.

पण विजयादशमीच्या मिरवणुकीत, परराज्याच्या वकिलांदेखत, एक घोडा मोठ्याने खिंकाळला. राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संधीस धूम्राक्ष नावाचा मायावी दरबारात आला. अंगावर राख, हातात तांब्याचा हंडा. "राजा, तुझ्या घोड्यांचे नि कुत्र्यांचे आवाज मी काढून नेतो," तो म्हणाला.

"मोबदला काय घेशील?"

"तू जे वापरत नाहीस, तेवढंच."

राजा हसला. न वापरलेल्या वस्तूंना राजवाड्यात काय तोटा! "दिलं," तो म्हणाला.

धूम्राक्षाने हंड्याचं झाकण काढलं. पागेतून, अंगणांतून, गल्लीबोळांतून आवाज निघाले आणि वाफेसारखे हंड्यात उतरले. आवाजच नव्हे, तर कान मागे पाडणं, ओठ मुरडणं, पाठीवरचे केस उभे राहणं, जनावर रागावण्याआधी जे जे काही करतं ते सगळं आत गेलं. मायाव्याने झाकणावर लाखेच्या तीन मोहरा केल्या आणि हंडा काळ्या डोंगरावर नेला. त्यानंतर जनावराच्या गळ्यात उठलेला प्रत्येक आवाजही थेट त्या हंड्यात जाऊ लागला. जाता जाता त्याने राजाचं ऐकणंही नेलं. ही गोष्ट पुष्कळ दिवस कुणाच्या ध्यानातच आली नाही, कारण राजा पूर्वीही कुणाचं ऐकत नव्हता.

मग दुर्दशा सुरू झाली. घोडे निमूट उभे असत आणि एकाएकी उधळत. कुत्री शेपटी खाली सोडून बसलेली असत आणि एकाएकी लचका तोडत. आधी काही चाहूलच लागत नसे. भैरोजी चाबुकस्वाराची काही बोटं गेली. कितीएक घरांत लेकरं जायबंदी झाली. शेवटी राणी चंद्रावळ नावाच्या आपल्या लाडक्या घोडीवर बसली. चंद्रावळ राजवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत नीट चालली, तिथे उसळली, आणि राणी पायऱ्यांवर पडली ती पुन्हा उठली नाही.

राजाने राजवाड्याच्या खिडक्या लावून घेतल्या आणि फर्मान काढलं, "जनावरं दुष्ट झाली आहेत. अमावास्येला, दिवस मावळण्याआधी, राज्यातले सगळे घोडे आणि सगळी कुत्री कड्यावरून लोटून द्या. चंद्रावळ सर्वांत आधी."

राजाची एकुलती एक कन्या शैलावती. चंद्रावळीचं नाव निघालं की तिचं तोंड कडू होई. ती घोडी मेलेलीच बरी, असं तिला वाटे. पण शैलावतीची काजळ नावाची काळीभोर कुत्री होती. तिने काजळीचं पिल्लू उचललं होतं, तेव्हा काजळ काही न सांगता तिच्या मनगटाला चावली होती, आणि लगेच तेच मनगट चाटत बसली होती. चावणारी आणि चाटणारी एकच, हे कोडं शैलावतीला सुटेना. दुष्ट म्हणावं तर मन घेईना. ती बापाच्या पायांशी बसून रडली, ओरडली. राजाला नुसते तिचे ओठ हलताना दिसले. त्याने तोंड फिरवलं.

तेव्हा अमावास्येच्या पहाटे ती काजळीला घेऊन काळ्या डोंगराकडे निघाली. वाटेत माळावर एक टिटवी बसली होती.

"राजकन्ये, कुठे निघालीस?" टिटवी म्हणाली.

"जनावरं अशी का वागतात, ते विचारायला."

"विचारून काय होणार? सांगायचं साधन तुझ्या बापाने काढून घेतलंय, ते मायाव्याच्या हंड्यात कोंडलंय. मला मात्र कुणी गप्प करत नाही, अशुभ म्हणून नुसते दगड मारतात. डोंगरावर तुला तीन कामं सांगतील. हातातला चाबूक इथेच टाक, आणि तोंडही जरा कमी चालव."

शैलावतीला राग आला, पण तिने चाबूक टाकला.

काळ्या डोंगरावर गवत नव्हतं. धूम्राक्ष हंड्याला टेकून बसला होता. तो म्हणाला, "हंडा पाहिजे? तीन जनावरं आहेत. तिघांची खोड ओळखून ती मोड. दर खोडीला एक मोहर निघेल. चुकलीस तर तुझाही आवाज आत जाईल."

पहिला होता तांबडा घोडा. पाठीवर खोगीर चढवून पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला की तो चावायला धावे. शैलावतीने दोनदा तंग ओढला, दोनदा तो तिच्या खांद्यावर आला. तिसऱ्यांदा तिचा हात उगारला गेला, पण हातात चाबूक नव्हता. रिकामा हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून तिने तो घोड्याच्या पाठीवर ठेवला आणि हळूहळू फिरवला. खोगिराखाली एका जागी कातडी तापलेली होती. आत काटा मोडला होता आणि भोवती पू झाला होता. तिने काटा काढला, जखम धुतली. घोडा थरथरत उभा राहिला, पण चावला नाही.

"दुखत होतं त्याला," ती म्हणाली. पहिली मोहर गळून पडली.

आणि शैलावतीला पायऱ्या आठवल्या, चंद्रावळ आठवली. चंद्रावळीच्या पाठीवरून हात कुणी फिरवला होता? कुणीच नाही. तिला तिथेच रडू फुटलं. धूम्राक्ष म्हणाला, "रडणं नंतर. दिवस कलतो आहे."

दुसरं होतं करड्या रंगाचं कुत्रं. हाक मारली की ते लांब पळे. शैलावतीने गोड हाक मारली, ते पळालं. दरडावलं, ते आणखी लांब गेलं. खडकाआडून ते तिच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होतं. मग तिला राजवाड्यातला शिकारखाना आठवला. तिथे हाकेला कुत्रं उशिरा आलं की आल्यावर त्याला छडी बसे. छडी उशिराबद्दल आहे, हे कुत्र्याला कसं कळावं? त्याला एवढंच कळे, की हाकेला जवळ गेलं की मार बसतो. शैलावती पाठ करून खाली बसली. हाक मारली नाही, वळूनही पाहिलं नाही. काजळ तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. पुष्कळ वेळाने तिच्या कोपराला एक थंडगार नाक लागलं.

"आम्हीच त्याला हाकेचं भय शिकवलं," ती म्हणाली. दुसरी मोहर गळून पडली.

तिसरा होता पांढराशुभ्र घोडा. चल म्हटलं की चाले, थांब म्हटलं की थांबे. खोगीर घाला, तंग आवळा, शेपूट ओढा, तो हूं की चूं करत नसे. शैलावतीने पाठ चाचपली, खूर पाहिले, दात पाहिले, कुठे काही नाही.

"याची खोड कोणती?" तिने विचारलं.

"ती तू सांगायची," धूम्राक्ष म्हणाला आणि त्याने जमिनीवर जाळ पेटवला. "याला आत जायला सांग."

"जा," ती बोलून गेली. घोडा निघाला. पावलं अडखळली नाहीत, डोळे फिरले नाहीत. तो सरळ जाळात शिरणार तोच शैलावती किंचाळत आडवी धावली आणि त्याच्या गळ्याला मिठी मारून तिने त्याला मागे लोटलं. त्याच्या डोळ्यांत तिने पाहिलं. तिथे भय नव्हतं, राग नव्हता, कुणीच नव्हतं. सांगून सांगून थकलेल्या माणसाने घर सोडून जावं, तसा तो घोडा स्वतःच्या अंगातून निघून गेला होता. कंठबंदीच्या खांबाशी गूळ मिळालेली सगळी शहाणी शिंगरं तिला आठवली आणि ती मनातून हादरली.

तिने त्याचा लगाम काढला, खोगीर काढलं. "तू काही करू नकोस," ती म्हणाली आणि बाजूला झाली. घोडा उभाच राहिला. वारा फिरला, जाळाची धग त्याच्याकडे आली, तरी तो उभाच. शैलावतीचा जीव वरखाली झाला, पण ती बोलली नाही. अखेर घोड्याच्या कातडीवर एक शहारा उठला. त्याने एक पाय उचलला आणि कुणी न सांगता बाजूला टाकला.

"शाबास!" शैलावती ओरडली. "शाबास रे राजा! नाही म्हणालास!"

तिसरी मोहर गळून पडली.

धूम्राक्षाने हंडा तिच्या हाती दिला. "एक सांगून ठेवतो. तुझ्या बापाचं ऐकणं याच्या तळाशी आहे. हंडा फुटला की आतलं सगळं त्याला पहिल्यापासून ऐकावं लागेल. म्हातारा आहे. सोसेल न सोसेल."

ती पांढऱ्या घोड्यावर बसली. तो तिला घेऊन आपणहून दौडत निघाला, आणि काजळ मागे धावली. ती कड्यावर पोचली तेव्हा सूर्य टेकला होता. माळभर घोडे आणि कुत्री गप्प उभी होती. कड्याच्या टोकाशी चंद्रावळ, आणि तिचा दोर राजाच्या हातात.

शैलावतीने बापाकडे पाहिलं. केवढा खंगला होता तो! तिचा हात थबकला. मग चंद्रावळीचा पाय कड्यावरून घसरला, आणि तिने हंडा दगडावर आपटला.

राजाच्या हातून दोर सुटला, चंद्रावळ सावरून मागे सरली, आणि राजा कान दाबून खाली बसला. कान दाबून काय होणार? खांबाशी उभ्या केलेल्या पहिल्या शिंगराचा आवाज आला. मग दुसऱ्याचा, मग कुत्र्यांचे, पिल्लांचे. इथे दुखतंय, तुझी भीती वाटते, काय म्हणतोस ते कळत नाही, लेकराला हात लावू नकोस. सगळं माळावर ओरडत होतं, आणि राजा एकेक ऐकत होता. सर्वांत शेवटी एका घोडीची कळवळून मारलेली आरोळी आली. तंग आवळताना मारलेली, राणी रिकिबीत पाय ठेवायच्या आधीची.

राजाने ती ओळखली.

"ती सांगत होती," तो म्हणाला. "शैला, ती आधी सांगत होती."

"होय, बाबा."

राजा लहान मुलासारखा रडला. त्याला कुणी उठवलं नाही. राणी काही परत आली नाही, तेवढं कुठल्याच मायेला जमत नाही.

पुढे तो दगडी खांब उपटून ओढ्यात टाकला गेला आणि कंठबंदी मोडली. त्या राज्यात पुन्हा घोडे खिंकाळू लागले, कुत्री भुंकू लागली, आणि चावण्याआधी गुरगुरू लागली. भैरोजी उरलेल्या बोटांनी शिंगरांच्या पाठी चाचपायला शिकला. राजा रोज सकाळी पागेत जाई आणि चंद्रावळीच्या पाठीकडे हात नेई. चंद्रावळ कान मागे पाडी, नाकातून फुरफुरे. मग राजा हात मागे घेई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई.